पुढची तारीख

जाफराबाद तालुक्यातल्या एखाद्या आडगावातून जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात यायचं, तर बाईचा दिवस पहाटे चारलाच सुरू होतो. पाणी भरायचं, भाकरी थापायच्या, म्हशीची धार काढायची, लेकरांच्या डब्याचं बघायचं आणि फाट्यावर येऊन सकाळची एसटी धरायची. पुढं पन्नास-साठ किलोमीटरचा रस्ता. ही गाडी हुकली, तर दुसरीनं पोचेपर्यंत केसपेपरची खिडकी बंद व्हायची वेळ झालेली असते. फाट्यावर गावातलं कुणी ना कुणी भेटतंच आणि हमखास विचारतं, ‘‘कुठं निघालीस, माय?’’

विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं. पण उत्तर तिला आदल्या रात्रीच ठरवून ठेवावं लागतं. मागच्या महिन्यात डोळे दाखवायचे होते, त्याच्या आधी बहीण आजारी होती, त्याच्याही आधी बँकेत काम होतं. आता या वेळी काय सांगायचं? रुग्णालयातल्या एआरटी सेंटरमधून एचआयव्हीच्या गोळ्या आणायच्या आहेत, हे खरं उत्तर आहे आणि नेमकं तेच सांगता येत नाही.

एखाद्या महिन्यात ती येत नाही. सेंटरच्या संगणकात तिच्या नावापुढे ‘मिस’ अशी नोंद पडते. सलग तीन महिने आली नाही, तर नोंद बदलून ‘एलएफयू’ होते. पाठपुराव्यातून निसटलेला रुग्ण, असा त्याचा अर्थ. तीन महिन्यांचा हा नियम वर्षानुवर्षे वापरात राहिला आहे. अशा कार्डावर ‘पेशंट नियमित नाही’ असा शेरा मारणं सोपं असतं. पण त्या तीन शब्दांत फाट्यावरचा तो प्रश्न मावत नाही. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, मुकादमाची उचल, सासूची नजर हेही त्यात कुठं दिसत नाही. तारीख का चुकली हे समजून घ्यायचं, तर ती पाळायला काय काय लागतं याचा हिशेब मांडावा लागतो.

आधी त्या तारखेला एवढं महत्त्व का, ते पाहू. भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ मध्ये चेन्नईत सापडले. पुढची कित्येक वर्षे औषधं होती, पण श्रीमंत देशांत. २००१ मध्ये मुंबईच्या ‘सिप्ला’ कंपनीचे युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा उपचार वर्षाला साडेतीनशे डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी खर्चात द्यायची तयारी दाखवली. त्याआधी याच उपचाराला वर्षाकाठी दहा हजार डॉलरच्या आसपास खर्च येत असे. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारनं देशातल्या आठ रुग्णालयांत ही औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. त्या आठांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. तेव्हा मराठवाड्यातल्या रुग्णाला मोफत गोळी हवी असेल, तर मुंबईची गाडी धरावी लागे. त्या मानानं आज गोळी घराच्या कितीतरी जवळ आली आहे. २०१७ पासून तर तपासणीत एचआयव्ही निघाला, की प्रतिकारशक्ती किती घसरली हे न पाहता लगेच उपचार सुरू करायचं धोरण आहे.

गोळी रोज एक. टेनोफोविर, लॅमिव्युडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधं त्या एकाच गोळीत असतात. बाटलीत तीस गोळ्या, म्हणून महिन्याची तारीख. औषध विषाणूला मारून संपवत नाही, दाबून ठेवतं. गोळी थांबली, की बहुतेकांच्या रक्तात दोन-चार आठवड्यांत विषाणू पुन्हा डोकं वर काढतो. जुन्या औषधांच्या काळात समुपदेशक पंच्याण्णव टक्क्यांचा हिशेब सांगत : तीस गोळ्यांतली एखादी चुकली तर चालेल, दोन चुकल्या की पंच्याण्णवच्या खाली. आताचं औषध चुका जास्त सहन करतं, पण महिनाभराची बाटलीच घरी आली नाही, तर ते तरी काय करणार? उलट जो माणूस गोळ्या नेमानं घेतो आणि ज्याच्या रक्तात विषाणू सापडेनासा होतो, त्याच्याकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. २०२१ च्या अंदाजानुसार भारतात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते. त्यांतले सुमारे ३ लाख ९४ हजार महाराष्ट्रात होते, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. आठ तालुके, २०११ च्या जनगणनेत साडेएकोणीस लाखांवर वस्ती. शहराची ओळख लोखंडाच्या कारखान्यांची आणि बियाण्यांच्या कंपन्यांची. जिल्ह्याची ओळख कापूस, सोयाबीन, मोसंबी आणि दर काही वर्षांनी येणाऱ्या दुष्काळाची. मंठा, परतूर, घनसावंगी, भोकरदन, जाफराबाद, कुठूनही जिल्ह्याच्या गावी यायचं म्हणजे जवळजवळ अख्खा दिवस जातो. कापूस वेचणीच्या दिवसांत हा दिवस फार महाग पडतो. वेचणी किलोवर असते. जितकी बोंडं फुटलेली, तितका पैसा. सोयाबीनची काढणी गुत्त्यानं घेतलेली असली, तर एक बाई कमी पडली म्हणून बाकीच्या कुरकुरतात. पुढच्या वेळी गुत्त्यात घेतच नाहीत. गोळी फुकट मिळते हे खरं. पण ती आणायला गेलेल्या दिवसाची मजुरी आणि रिक्षा-चहाचे पैसे जोडले, तर हातावर पोट असलेल्या घरात तो खर्च लपत नाही. आणि जो खर्च लपत नाही, त्याचं कारण नवरा, सासू, थोरला दीर यांपैकी कुणीतरी विचारतंच.

सरकारला हे कळलं नव्हतं असं नाही. एसटी महामंडळाच्या सवलतींच्या यादीत सिकलसेल, हिमोफिलिया आणि डायलिसिसच्या रुग्णांबरोबर एचआयव्हीबाधितांनाही मोफत प्रवास आहे. चांगल्या मनानं दिलेली सवलत. पण ती वापरायची कशी, हे डोळ्यांपुढे आणून पाहावं. गाडी गावातून निघालेली. शेजारच्या बाकावर चुलत सासरे. कंडक्टर याच रूटवर वर्षानुवर्षे असलेला, निम्म्या गावाला नावानं ओळखणारा. त्याच्या हातात कागद द्यायचा. तो वाचणार, तिकिटाच्या मशिनवर सवलतीचा प्रकार निवडणार. त्या दोन मिनिटांत जे उघड होईल, ते परत झाकता येणार नाही. मग बाई कागद पिशवीतच ठेवते आणि पैसे काढते.

याच्या शेजारी दुसरी सवलत ठेवून बघा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या महिलांना अर्धं तिकीट झालं. ही योजना आखताना एचआयव्हीचा विचार कुणाच्या मनात असेल, असं वाटत नाही. पण त्या अर्ध्या तिकिटाला कुठला आजार सांगावा लागत नाही, कागद दाखवावा लागत नाही. शंभर टक्क्यांची सवलत पिशवीत पडून राहते आणि पन्नास टक्क्यांची उपयोगी पडते. संजय गांधी निराधार योजनेचंही तसंच आहे. एचआयव्हीबाधितांचा त्यात समावेश आहे, २०२३ मध्ये मदत महिना पंधराशे रुपये झाली. पण अर्ज तलाठी, तहसील असा फिरतो, आणि अर्जावर आजार लिहिलेला असतो. मदत घ्यायची तर आधी आपण कोण ते जाहीर करा, अशी अट कुणी घातलेली नाही. व्यवहारात मात्र ती लागू होते.

घराजवळ औषध मिळावं म्हणून मोठ्या केंद्रांना जोडलेली छोटी ‘लिंक एआरटी’ केंद्रं ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत सुरू करण्यात आली. अंतर कमी झालं, भाडं वाचलं, मग सगळे तिकडे का गेले नाहीत? कारण तालुक्याच्या दवाखान्यातली आया नात्यातली असते, शिपाई गावाकडचा असतो, बाहेर चहाच्या टपरीवर भावकी बसलेली असते. म्हणूनच जालना जवळ असूनही छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयात जाणारे आहेत, आणि असे लोक प्रत्येक जिल्ह्यात आहेत. जितकं लांब जाल, तितकं ओळखीचं कुणी भेटत नाही. लांबचं केंद्र निवडायचं, त्याचा खर्च झेपत नाही म्हणून तारीख चुकवायची आणि ‘नियमित नाही’ हा शेरा घ्यायचा, असं हे चक्र.

भीती बिनबुडाची नाही. लातूर जिल्ह्यात हासेगावला रवी बापटले यांनी एचआयव्हीबाधित मुलांसाठी ‘सेवालय’ सुरू केलं. २००९ मध्ये ही मुलं गावच्या शाळेत बसू लागली, तेव्हा पालकांनी विरोध केला. बीड जिल्ह्यात पालीला दत्ता आणि संध्या बारगजे यांनी ‘इन्फंट इंडिया’ उभी केली, ती घरानं आणि गावानं दूर लोटलेल्या मुलांसाठीच. पुढे २०१७ चा एचआयव्ही कायदा आला, १० सप्टेंबर २०१८ पासून लागूही झाला. संमतीशिवाय कुणाचा आजार उघड करायचा नाही, शाळेत, नोकरीत, दवाखान्यात भेदभाव करायचा नाही, असं तो स्पष्ट सांगतो. पण सासरी वेगळं ठेवलेलं ताट आणि विहिरीवर न लावू दिलेला हात यांची तक्रार घेऊन कोण कुठल्या कचेरीत जाणार?

घरातही लपवाछपवी संपत नाही. गोळ्यांची प्लॅस्टिकची बाटली पिशवीत खुळखुळते. त्या आवाजाला कितीतरी जणी घाबरतात. मग बाटलीवरचा कागद खरवडायचा, झाकणाखाली कापसाचा बोळा कोंबायचा, बाटली ज्वारीच्या कोठीत नाहीतर ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत ठेवायची. काही जणी गोळ्या काढून कुंकवाच्या डबीत भरतात. बाटलीतली ओलावा शोषणारी पुडी मागे राहते आणि पावसाळ्यात गोळ्या दमट होतात. घरी पाहुणे आले, की दोन दिवस गोळी बंद. सेंटरमध्ये उरलेल्या गोळ्या मोजतात. त्या जास्त निघाल्या तर मॅडम विचारतील, या धास्तीनं पुढची तारीखच टाळणारेही आहेत.

ऊसतोडीचं प्रकरण वेगळं, आणि सगळ्यांत अवघड. दसरा उलटला, की अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या पट्ट्यातून टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, ज्वारीचं पोतं, शेळी, धाकटं लेकरू असा संसार चढतो आणि सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे नाहीतर सरळ कर्नाटकात जातो. फडाच्या कडेला बांबू-चटईची कोप उभी राहते. पहाटेच्या अंधारात तोड सुरू होते आणि गाडी भरायचं बोलावणं रात्री कधीही येतं. एक दिवस कामावर नाही गेलं तर खाडा, आणि खाड्याचा दंड जोडप्यामागे पाचशे रुपयांच्या आसपास. उचलीतून तो वळता होतो. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, गावाचं तोंड दिसत नाही.

अशा जोडप्याला जालन्याच्या सेंटरनं नोव्हेंबरची, डिसेंबरची, जानेवारीची तारीख देऊन काय उपयोग? नियमात वाट आहे. प्रत्येक रुग्णाजवळ हिरवं पुस्तक असतं. ते दाखवलं की दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रातूनही तात्पुरत्या गोळ्या मिळतात. ट्रान्स्फरही करून घेता येते. पण ते केंद्र जिल्ह्याच्या गावी, कोप फडात, आणि टोळी दर पंधरा-वीस दिवसांनी नव्या फडावर. वर मुकादमाला कारण सांगावं लागतं. मुकादमाला कळलं म्हणजे टोळीला कळलं, आणि पुढच्या हंगामाची उचल गेली. कर्नाटकात तर बोर्डसुद्धा वाचता येत नाही. म्हणून पाच-सहा महिने गोळी बंद ठेवायची आणि उन्हाळ्यात परत सेंटरला जायचं, असा बेत अनेक जण मनाशीच करतात. सहा महिन्यांनी परत आलेला माणूस कधी खोकत येतो. तो खोकला टीबीचा निघतो.

याच जिल्ह्यात उलटी वाटही आहे. जालन्याच्या लोखंड कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेशातून मजूर येतात. सुट्टीवर गावी गेलेला मजूर तिकडेच अडकला, तर जालन्याच्या नोंदीत तो निसटलेला ठरतो. तिकडे कुठं नाव लावलं असेल, तर कागद इकडे पोचेपर्यंत तो हरवलेलाच.

‘आता बरं वाटतंय’ हेसुद्धा तारीख चुकण्याचं मोठं कारण आहे. वजन वाढतं, ताप जातो, माणूस पुन्हा औत धरतो. वर्षातून एकदा व्हायरल लोडचा रिपोर्ट येतो आणि त्यावर विषाणू आढळला नाही असं लिहिलेलं असतं. ‘आढळला नाही’ म्हणजे ‘गेला’, असं समजणाऱ्याला अडाणी म्हणता येणार नाही. टायफॉइडच्या, मलेरियाच्या रिपोर्टचा अर्थ तोच असतो. तेवढ्यात कुणी काढ्यानं निगेटिव्ह झाल्याची गोष्ट सांगतं, कुणी एखाद्या बुवाचा पत्ता देतं. हा रिपोर्ट हातात देताना पाच मिनिटं बसून समजावणं हा उपचाराचाच भाग आहे. बाहेर रांग लागलेली असली, की पहिल्यांदा तीच पाच मिनिटं कापली जातात. शिवाय जुन्या औषधांच्या आठवणीही आहेत. सुरुवातीच्या वर्षांतल्या स्टॅव्युडिननं गाल बसत, हातपाय सुकत, तळव्यांची आग होई. नंतरच्या एफाव्हिरेंझनं रात्री गरगरे आणि विचित्र स्वप्नं पडत. पहाटे उठून शेतात जाणाऱ्याला ती गुंगी परवडत नसे. आताची गोळी तशी नाही, पण ज्यानं नवऱ्याचे किंवा भावाचे ते दिवस पाहिले आहेत, त्याच्या मनातून ते जात नाहीत.

कधी चूक सर्वस्वी यंत्रणेची असते. २०२२ च्या जुलैत दिल्लीत ‘नॅको’च्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, कार्यालयासमोर एचआयव्हीबाधितांनी धरणं धरलं आणि ते महिनाभराहून अधिक चाललं. तक्रार औषधांच्या तुटवड्याची होती : महिन्याची बाटली मागायला गेलं की काही दिवसांच्याच गोळ्या हातात पडत. काही दिवसांच्या गोळ्या म्हणजे पुन्हा एसटी, पुन्हा खाडा, पुन्हा नवं खोटं कारण. गाड्याच बंद असण्याचे दिवसही जालन्यानं पुष्कळ पाहिले. २०२० ची टाळेबंदी, २०२१ च्या दिवाळीपासून पुढच्या एप्रिलपर्यंत लांबलेला एसटीचा संप, १ सप्टेंबर २०२३ ला अंबड तालुक्यात अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाल्यावर जळालेल्या बस आणि थांबलेल्या फेऱ्या. अशा दिवसांतली चुकलेली तारीख रुग्णाच्या नावावर मांडणं अन्यायाचं आहे.

एकदा तारीख चुकली, की दुसरी चुकणं सोपं होतं, आणि त्याला बहुतेक वेळा एक वाक्य कारणीभूत असतं : ‘‘एवढे दिवस कुठं होतात?’’ चार तास प्रवास करून आलेल्या माणसाला हे वाक्य भरल्या खोलीत ऐकवलं जातं, तेव्हा तो मान खाली घालून गोळ्या घेतो. पुढच्या वेळी उशीर झाला तर येतच नाही. ‘‘आलात ते बरं केलंत, ताई’’ असं म्हणणाऱ्या समुपदेशकाकडे माणसं परत येतात, हे सेंटरमध्ये काम करणाऱ्या कुणालाही विचारावं.

निसटलेल्यांना शोधायला माणसं आहेत. २०१३ पासून ‘विहान’ नावाच्या कार्यक्रमातून केअर अँड सपोर्ट सेंटरचे कार्यकर्ते हे काम करत आले; त्यांतले बरेचसे स्वतः एचआयव्हीसह जगणारे. हातात यादी, यादीत अर्धवट पत्ते, बंद पडलेले मोबाइल नंबर. काहींनी नोंदणीच्या वेळी नाव-गावच वेगळं सांगितलेलं. गावात शिरल्यावर आपण कोण हे सांगायचं नाही, घराबाहेर ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द काढायचा नाही, दारात सासू असेल तर बचत गटाचं काम होतं म्हणून परतायचं. एवढं करून घर सापडतं, आणि कधी दाराशी कळतं, की तो माणूस दोन महिन्यांपूर्वीच गेला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गरीब देशांतल्या सतरा पाहण्या एकत्र करून तपासल्या होत्या. शोध लागलेल्या ‘निसटलेल्यां’पैकी सुमारे चाळीस टक्के मरण पावलेले निघाले. संगणकात ते फक्त तारखेला न आलेले होते.

टाळेबंदीनं एक गोष्ट मात्र दाखवून दिली. गाड्या बंद झाल्या, तेव्हा तीन महिन्यांपर्यंतच्या गोळ्या एकदम द्यायला परवानगी मिळाली आणि कार्यकर्त्यांनी दुचाकीवरून त्या लोकांपर्यंत पोचवल्या. वर्षाला बाराऐवजी चार खेपा, म्हणजे आठ दिवसांची मजुरी वाचली आणि आठ खोटी कारणं वाचली. मोझांबिकच्या टेटे प्रांतात याच्याही पुढं गेले. २००८ पासून तिथं सहा-सहा रुग्णांचे गट केले. दर महिन्याला एकानं दवाखान्यात जायचं, स्वतःची तपासणी करून घ्यायची आणि सहाही जणांच्या गोळ्या आणायच्या. बचत गट चालवणाऱ्या मराठवाड्यातल्या बायकांना ही रीत समजावून सांगावी लागणार नाही. अडचण एवढीच, की गटातल्या सहा जणींना एकमेकींचं गुपित ठाऊक असावं लागतं. जालन्याच्या सेंटरबाहेरच्या बाकांवर महिन्यामागून महिने शेजारी बसून अशा ओळखी होतात; कुणाची मुलगी दहावीला आहे, कुणाची मोसंबी वाळली, हे तिथं सगळ्यांना माहीत असतं. गट झालाच, तर तो बहुधा तिथून होईल.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात टोळीवर जाणाऱ्यांची गर्दी असते. सावध समुपदेशक तेव्हा तारीख लिहिण्याआधी एकच विचारतो, ‘‘औंदा कारखाना कोणता?’’ उत्तर ऐकून तो त्या भागातल्या सेंटरचा पत्ता आणि फोन नंबर हिरव्या पुस्तकात लिहितो, खाली रेघ मारतो. फार्मसिस्ट तीन बाटल्या पुढं सरकवतो. बाई त्या उघडून प्रत्येकीत थोडा कापूस कोंबते, हलवून आवाज येत नाही ना ते बघते आणि पिठाच्या डब्यात तळाशी ठेवता येतील अशा फडक्यात बांधून घेते.